लोकरीच्या दुकानाचे वाङ्मय

दुकानात बसून ग्रंथ वाचण्याची आम्हांस सवय नाही. परंतु गेल्या मार्गशीर्षात पुण्यातील एका पेठेत, लोकरीच्या एका लहानशा दुकानात, आम्हांस जवळजवळ दोन तास एका स्टुलावर बसून काढावे लागले आणि प्रस्तुत लेखाचे मूळ त्या दोन तासांत आहे. येऊ घातलेल्या नातवंडासाठी आमच्या मंडळींस लोकर घ्यावयाची होती. कापड घेण्यास किती वेळ लागतो याचा अंदाज तीस वर्षांच्या संसारात आम्हांस आला आहे; लोकरीचा मात्र नव्हता. रंग दारापाशी उजेडात नेऊन पाहावयाचा, गुंडा गालाला लावून टोचतो की काय हे अजमावयाचे, लोकर तीन पदरी की चार पदरी, ती कोणत्या नंबरच्या सुयांवर नीट बसेल, आणि एकाच वेळी रंगविलेले सहा गुंडे दुकानात आहेत की पाचच, याची चौकशी करावयाची. कारण सहावा गुंडा निराळ्या लॉटमधला निघाला तर एक बाही दुसरीहून पिवळट दिसते. मध्येच एक अनोळखी बाई, कोणी विचारले नसता, "हा रंग धुतल्यावर उतरतो हो" म्हणून सांगून गेली. दुसरीने पिशवीतून गळ्यापाशी अडलेला स्वेटर काढला. दुकानदाराच्या वृद्ध मातोश्रींनी तो हाती घेऊन एक शब्दही न बोलता चार ओळी उसवल्या आणि पुन्हा विणून परत दिला. त्याबद्दल पैशांची गोष्ट कोणी काढली नाही. दुकानदार सोडला तर त्या जागी आम्ही एकटेच पुरुष होतो, आणि आमच्याकडे लक्ष देण्याचे कोणासही कारण नव्हते.

अशा वेळी मंडळींच्या पिशवीत हात घातला तो एक इंग्रजी कादंबरी हाती लागली. ती आमच्या मुलीने आपल्या आईस दिलेली होती आणि तिचा विषयही लोकरीचे दुकान हाच होता. लोकरीच्या दुकानात बसून लोकरीच्या दुकानाची कादंबरी वाचण्याचा योग फारसा येत नाही, म्हणून आम्ही ती तेथेच उघडली. पुढे दोन महिने या विषयावरचे जे जे मिळाले ते वाचून काढले. टीकाकाराचा हा चाळा वाचक क्षमा करतील अशी आशा आहे.

प्रथम त्या कादंबरीविषयी. डेबी मॅकोंबर या अमेरिकन लेखिकेची 'द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट' ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. सिअ‍ॅटल शहरात लिडिया नावाची, कर्करोगाच्या तडाख्यातून दोनदा वाचलेली तरुणी लोकरीचे दुकान काढते आणि विणकामाचा वर्ग सुरू करते. वर्गाला तिघीजणी येतात. सुनेवर नाराज असलेली धनिक जॅकलिन, मूल होण्यासाठी उपचार घेत असलेली कॅरोल, आणि न्यायालयाने सांगितलेली समाजसेवा म्हणून पांघरूण विणावयास आलेली उर्मट अ‍ॅलिक्स. तिघींनीही बाळाचे एकेक पांघरूण विणावयास घेतले आहे. त्यानंतर तीन वर्षांनी, २००७ साली, केट जेकब्स यांची 'द फ्रायडे नाइट निटिंग क्लब' निघाली. येथे दुकान न्यूयॉर्कमध्ये, मालकीण जॉर्जिया ही एका मुलीची एकटी आई, आणि दर शुक्रवारी रात्री दुकानाच्या टेबलाभोवती जमणारे बायकांचे मंडळ. पहिल्या कादंबरीत मालकीण रोगातून उठलेली आहे. दुसरीत ती शेवटी रोगाने जाते.

या दोन्ही कादंबऱ्या आम्ही आनंदाने वाचल्या हे प्रथम सांगून टाकतो, म्हणजे पुढील दोषदर्शनास आकसाचा वास येणार नाही. दुकानाच्या टेबलाचे महत्त्व या लेखिकांनी बरोबर ओळखले आहे. जॅकलिन आणि अ‍ॅलिक्स या दोघी शहरात अन्यत्र कोठेही एकमेकींशेजारी बसल्या नसत्या. हाताला काम असले की डोळे खाली राहतात, आणि डोळे खाली असले की माणूस जे बोलते ते समोरासमोर बसून बोलत नाही. ही गोष्ट आमच्याकडे शेवया वळताना, पापड लाटताना बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तेवढ्यापुरत्या या कादंबऱ्या खऱ्या आहेत.

परंतु आमचा आक्षेप असा की या कादंबऱ्यांत लोकर आहे, विणकाम नाही. मॅकोंबरबाईंच्या तिघी विद्यार्थिनींनी पांघरुणाऐवजी लोणचे घालावयास घेतले असते तर कथानकात कोठे बिघाड झाला असता? सासूचे मन वितळले असते, कॅरोलला मूल मिळाले असते, अ‍ॅलिक्स मार्गाला लागली असती. जेकब्सबाईंनी आपल्या कादंबरीच्या भागांना लोकर निवडणे, टाके घालणे अशा पायऱ्यांची प्रस्तावना जोडली आहे. पण ती रूपके आहेत, आणि रूपक हे कामाचा उपयोग करून घेते, काम करीत नाही. त्याच कादंबरीत डार्विन नावाची एक संशोधक तरुणी येते. विणकामाने बायका मागे जातात असे तिचे मत आहे. हे पात्र योजण्यात लेखिकेने धैर्य दाखविले असे आम्हांस वाटले होते, कारण दुकानाच्या सुखात एक खरी शंका तिच्या रूपाने दार उघडून आत आली होती. पण डार्विनच्या प्रश्नास उत्तर मिळत नाही, केवळ माया मिळते. तिला मंडळात सामावून घेतले जाते आणि शंका लोकरीच्या ढिगात गडप होते. आमच्याकडील जात्यावरच्या ओवीशी हे ताडून पाहावे. ओवीत बाई माहेराविषयी बोलते, भावाविषयी बोलते, पण जाते फिरत असते. त्याची फेरी ओवीच्या लयीत ऐकू येते आणि दळण सरले की ओवीही सरते.

विणकाम वाङ्मयात खरोखर कसे येते हे पाहावयाचे तर एका अगदी लहान नाटकाकडे वळावे लागते. जॉन मिलिंग्टन सिंज यांचे 'रायडर्स टु द सी' हे एकांकी नाटक १९०४ साली डब्लिन येथे प्रथम रंगभूमीवर आले. आमच्या पिढीतील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी ते महाविद्यालयात वाचलेले असते, आणि आम्ही स्वतः ते वर्गात अनेकदा शिकविले आहे. तरी त्यातील विणकामाकडे आमचे लक्ष आजवर नीटसे गेले नव्हते हे कबूल करणे प्राप्त आहे. आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका बेटावर दोन बहिणींच्या हाती एक गाठोडे येते. दूर उत्तरेस समुद्रातून निघालेल्या एका प्रेताच्या अंगावरील सदरा आणि एक मोजा त्यात आहे. प्रेत आपल्या भावाचे की दुसऱ्या कोणाचे? सदऱ्याचे कापड तर त्याच्याच सदऱ्याचे दिसते, पण त्याने काही सिद्ध होत नाही. त्या कापडाचे तागेच्या तागे गॉलवेच्या दुकानांत पडलेले असतात. मग धाकटी मोजा हाती घेते आणि टाके मोजते. कितव्या जोडीतील कितवा मोजा, त्यावर किती टाके घातले होते आणि त्यांतले चार कसे सोडले होते, हे तिला आठवते. आकडा जुळतो आणि भाऊ मेला हे घरात ठरते.

शोकनाट्याचा कणा येथे चार टाक्यांवर उभा आहे. दुकानातल्या कापडाने न दिलेली साक्ष हाताच्या कामाने दिली, आणि तीही नक्षीने नव्हे, साध्या मोजणीने. या जागी लोणचे चालणार नाही.

आता मौज अशी की याच मोज्याच्या आसपास पुढे एक मोठे थोतांड उभे राहिले, आणि ते उभे करण्यात एका लोकरीच्या दुकानदाराचा हात होता. ऑक्सफर्ड येथे हाइन्झ एडगर कीव यांचे लोकर व भरतकामाच्या साहित्याचे दुकान होते. १९३६ साली डब्लिनमध्ये त्यांच्या दृष्टीस एक पांढरा, जाड, पीळदार नक्षीचा स्वेटर पडला. तो त्यांनी विकत घेतला, मेरी थॉमस यांस दाखविला, आणि त्या बाईंनी तो आपल्या १९४३ सालच्या विणकामाच्या नमुन्यांच्या पुस्तकात घातला. येथवर सर्व ठीक. परंतु कीव यांनी पुढे त्या नक्षीचा संबंध प्राचीन आयरिश धर्मग्रंथांतील वेलबुट्टीशी आणि शतकानुशतकांच्या परंपरेशी जोडला, आणि १९६७ साली विणकामाच्या 'पवित्र इतिहासा'वर एक पुस्तक लिहिले. तसेच, प्रत्येक कुळाची नक्षी वेगळी असते आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख तिच्यावरून पटते, ही आख्यायिका लोकप्रिय झाली ती आजतागायत प्रवाशांस सांगितली जाते. सिंज यांच्या नाटकात कुळाची नक्षी कोठेच नाही. तेथे एक साधा मोजा आहे आणि एका मुलीची स्मरणशक्ती आहे. पण आख्यायिकेने माल खपतो. मोजलेल्या टाक्यांनी खपत नाही.

या थोतांडाचा समाचार घेणारे गृहस्थ हे या साऱ्या वाङ्मयातील आम्हांस सर्वांत आवडलेले पात्र होत. रिचर्ड रट हे इंग्लंडच्या चर्चचे धर्मोपदेशक. १९५४ पासून वीस वर्षे ते कोरियात होते, तेथे बिशप झाले, कोरियन काव्याचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले, आणि पुढे लेस्टरचे बिशप झाले. हा मनुष्य स्वतः विणीत असे, आणि १९८७ साली त्याने 'अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. धर्मपीठावर बसलेल्या मनुष्याने विणकामाच्या पवित्र इतिहासाची पवित्रता काढून घ्यावी यात एक प्रकारची गंमत आहे. अ‍ॅरन बेटांचा तो प्राचीन म्हणविला जाणारा स्वेटर विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे, त्यापलीकडचा नाही, असे ते दाखवितात. त्याचप्रमाणे इजिप्तमध्ये सापडलेले कित्येक अतिप्राचीन मोजे हे दोन सुयांच्या विणीचे नसून एकाच नेढ्याच्या सुईने गाठीवर गाठ घेत केलेले आहेत, असा भेद ते बारकाईने करतात. विद्वत्ता भरपूर आणि आवाज कोठेही चढलेला नाही. रट यांचा दोष सांगावयाचा तर एवढाच की ते वस्तूकडे इतके एकाग्रतेने पाहतात की ती वस्तू विणून पोट भरणाऱ्या बाईकडे त्यांची नजर क्वचितच स्थिर होते.

तिच्यासाठी आम्हांस वाङ्मयाच्या बाहेर जावे लागले, निदान ज्यास ग्रंथालयात वाङ्मय म्हणतात त्याच्या बाहेर. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटे आहेत. तेथील विणकाम जगप्रसिद्ध आहे. तेथील उत्तम जाळीदार शाल अंगठीतून ओढून काढता येते. मजुरी रोख न देता मालाच्या रूपाने देण्याच्या प्रथेची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने १८७२ साली या बेटांवर साक्षी घेतल्या. आयुक्त विल्यम गथ्री हे होते. हा अहवाल म्हणजे प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर, अशी शेकडो पाने आहेत. लरविकच्या दुकानात शाल नेली की पैसे मिळत नसत. चहा मिळे, सुती कापड मिळे, किंवा तितक्या किमतीच्या मालाची चिठ्ठी मिळे. ज्या बाईला घरभाडे द्यावयाचे आहे, पीठ आणावयाचे आहे, तिने तो चहा शेजारणीकडे नेऊन पिठाच्या बदल्यात द्यावा. एक गोष्ट वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो. लोकरीचे सूत हा रोखीचा माल समजला जाई, आणि म्हणून विणलेल्या मालाच्या बदल्यात दुकानदार सूतच देत नसत, असे त्या साक्षींत येते. शाल विणून दिली आणि पुढच्या शालीची लोकर मात्र मिळाली नाही! त्या बायका हे सांगताना रडत नाहीत. विचारले तेवढे सांगतात. किती आठवडे लागले, काय दिले, काय मागितले, काय नाकारले. वाक्ये आखूड आहेत. एकही रूपक नाही. मॅकोंबरबाईंच्या चारशे पानांत जो विषय सुचला नाही, तो येथे चार ओळींच्या उत्तरात पुरा होतो. पुढे १८८७ साली कायदा सुधारला. प्रथा मात्र त्यानंतरही बराच काळ रेंगाळली.

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिच्यावाचून आम्ही पुस्तक का मिटले ते वाचकांस कळणार नाही. १९७५च्या पुढच्या काही वर्षांत आमची एक मावशी आमच्या घरी राहत असे. नवऱ्याने टाकलेली होती; त्या काळी हा शब्द घरात कोणी उच्चारीत नसे. गावातील एका लोकरीच्या दुकानासाठी ती बाळांचे टोपडे-मोजे आणि स्वेटर विणून देई. दुकानदार हिशेब महिन्याने करी, कधी दोन महिन्यांनी, आणि पुष्कळदा रोख रक्कम कमी पडते म्हणून उरलेल्याची लोकर देई. शेटलंडात लोकर हाच पैसा होता; आमच्या गावात पैशाची लोकर होत होती. मावशी ती घरी आणी आणि आम्हां भावंडांस स्वेटर विणी. शाळेत दरवर्षी नवा स्वेटर घालून येणारे आम्ही दोघेच होतो, आणि ती आम्हांस श्रीमंती वाटे.

आता यात खरी अडचण अशी आहे की मावशीचे त्या दुकानावर प्रेम होते. दुपारचे काम उरकले की ती तेथे जाऊन बसे. आणखी तीन-चार बायका येत. घरी ती मोजके बोले. दुकानात मात्र ती मोठ्याने हसत असे, हे निरोप घेऊन गेलो असताना आम्ही स्वतः ऐकले आहे. नवी नक्षी कोणी आणली की ती उसवून, मोजून, कागदावर उतरवून घेण्यात तिचा हात कोणी धरत नसे. तो मान तिला दुसऱ्या कोणत्याही जागी मिळाला नाही. तिला त्या दुकानाने नाडले असे म्हणावे, तर तिचे हसणे खोटे ठरते. त्या दुकानाने तिला आसरा दिला असे म्हणावे, तर तिची थकलेली बाकी खोटी ठरते. आम्हांस अशी कादंबरी पाहिजे आहे की जिच्यात दोन्ही गोष्टी एकाच बाकावर बसलेल्या असतील. गथ्री यांच्या अहवालात बाकी आहे पण हसणे नाही, कारण ते कोणी विचारले नाही. अमेरिकन कादंबऱ्यांत हसणे आहे. आणि जॉर्जियाच्या दुकानाचा जमाखर्च कधीमधी डोकावतो हे खरे, पण ज्या मेंढपाळाची, कातणाऱ्याची, रंगाऱ्याची ती लोकर आहे, ते त्या दारातून कधी आत येत नाहीत.

शेटलंडविषयी आणखी एक सांगितले पाहिजे, नाहीतर आमच्या लिहिण्याने वाचकाचा गैरसमज होईल. लरविकमध्ये आज जेमिसन अँड स्मिथ ही पेढी बेटावरील शेतकऱ्यांची लोकर खरेदी करते, हाताने तिची प्रत लावते आणि पुढच्याच खोलीत तिचे सूत विकते. २०१० पासून दर शरद ऋतूत तेथे लोकरीचा सप्ताह भरतो आणि देशोदेशीचे विणणारे त्यासाठी बेटावर येतात. लोकर कोठली, कोणत्या मेंढीची, कोणी निवडली, हे जेथे गिऱ्हाइकास सांगता येते तेथे दुकानाचे सुख अधिक भरीव असणार, असे आम्हांस वाटते.

राहता राहिल्या एलिझाबेथ झिमरमन. या बाईंवर खरे तर स्वतंत्र लेखच लिहावयास हवा. त्यांचा जन्म १९१० साली इंग्लंडात झाला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, आणि विस्कॉन्सिन प्रांतात एका जुन्या शाळेच्या इमारतीतून त्यांनी लोकर व पुस्तके विकली. त्यांनी गोल सुईवर विणलेल्या एका स्वेटरची कृती एका मासिकाकडे पाठविली असता संपादकांनी ती न विचारता सपाट विणीची करून छापली. तेव्हा १९५८ पासून त्या आपले स्वतःचे पत्रकच काढू लागल्या. संपादकांच्या उद्धटपणाने साहित्याचे क्वचित असेही कल्याण होते. १९७१ सालचे 'निटिंग विदाउट टिअर्स' आणि १९७४ सालचे 'निटर्स अ‍ॅल्मनॅक' ही त्यांची दोन पुस्तके विणता न येणाऱ्यानेही वाचावीत. कृतीच्या पुस्तकांत 'हे करा, मग ते करा' असा हुकूम असतो. झिमरमनबाई कारण सांगतात. त्यांची गोल शाल घ्या. नऊ टाक्यांनी आरंभ. टाके दुप्पट करावयाचे आणि तीन फेऱ्या विणावयाच्या, पुन्हा दुप्पट आणि सहा फेऱ्या, पुन्हा दुप्पट आणि बारा, मग चोवीस. त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो; भूमितीचा हा सिद्धान्त आम्हांस शाळेत मार खाऊन आला, तो येथे मांडीवर पसरतो. त्यांचे गद्य खेळकर आहे, हट्टी आहे, क्वचित फार बोलके आहे; पण वाचकास ते कोठेही परावलंबी ठेवीत नाही. पुढच्या ओळीसाठी दुकानात धावण्याची गरज त्या संपवून टाकतात, आणि तरीही १९७४ साली त्यांनी सुरू केलेल्या शिबिरात विणणारे दरवर्षी जमत राहिले. गरज संपल्यावरही माणसे ज्या टेबलाशी येतात त्याविषयी कादंबरी लिहिणाऱ्यांनी या बाई वाचल्या असत्या तर बरे झाले असते. सिंज यांच्या नाटकातल्या धाकट्या बहिणीला त्या नक्की आवडल्या असत्या.

हा लेख लिहून होईतो आमच्या घरी नातू आला आहे. मंडळींनी ब्लॉसम स्ट्रीटची कादंबरी निम्म्यावर ठेवली; "पुढे काय होणार ते कळलं" असा त्यांचा अभिप्राय पडला. परंतु त्या प्रतीत बाळाच्या पांघरुणाची कृती छापलेली आहे, ती त्यांनी वहीत उतरवून घेतली, दोन ठिकाणी बदलली, आणि सहावा गुंडा अखेर निराळ्या लॉटमधलाच निघाल्यामुळे सध्या काठापाशी काम अडले आहे.